रेघेची तार

सोमवार, ३ तारीख

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राग आला की तोंडातून काढू नका, कागदावर काढा. म्हटलं, चौथीत बाकावरून उठले ती परत बसलेच नाही, मला कुठलं लिहायला जमतंय. त्या म्हणाल्या, परीक्षा नाहीये, प्रेशर उतरवायचंय. बॅटरीवाल्याने वर्षाच्या सुरुवातीला दिलेली डायरी कपाटात तशीच पडून होती. कव्हरवर बॅटरीचा फोटो आहे. राग साठवायला बरी.

तर आजचा राग. वन्सं.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जायच्या. सासूबाई म्हणाल्या, वयाने लहान असली तरी नणंद आहे, अहो-जाहो करायचं. तेव्हापासून करतेय. वेण्या गेल्या, केस पिकायला लागले, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून इथे परत आल्या. मग सासूबाई गेल्या, हे गेले, घरात आम्ही दोघीच उरलो, तरी माझं आपलं चालूच, ‘वन्सं, चहा घेता का’. त्या मला ‘वहिनी, तू’ म्हणतात. त्यांना कोणी काही शिकवलेलं नव्हतं.

ह्यांचं दुकान आता आम्ही दोघी चालवतो. गाड्यांमध्ये गाण्याचं सामान बसवायचं. स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि तो धडधडणारा सबवूफर. लाकडी खोकी बनवायची, कार्पेट चिकटवायचं, सीटखाली ठोकून बसवायचं, हे माझं. तारा वन्संच्या. त्यांनी इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलाय. मला तारा जोडता येत नाहीत असं नाही, ह्यांच्या शेजारी उभी राहून पुष्कळ जोडल्या. त्यांच्या तारा बघायला छान दिसतात, माझ्या नुसत्या चालतात, एवढाच फरक.

आज जेवायच्या वेळी सांगतात, बस बांधणाऱ्या कंपनीतून बोलावणं आलंय. दुसऱ्या गावी. राहायला खोली देतात. पुढच्या महिन्यापासून. मी विचारलं, मग? म्हणाल्या, विचार करतेय. म्हटलं, करा की. तेवढ्यात भाजी करपली. तशीच वाढली.

गेल्या तर जातील. एक ताट कमी घासायचं.


मंगळवार, ४ तारीख

मिनीबस आली. दुकानात मावत नाही, निम्मी रस्त्यावर आहे. मालक अंगाने दाराएवढा आणि आवाजाने चिमणीएवढा. सहलींना गाडी देतो. म्हणाला, ताई, गाणं कानात नको, छातीत पाहिजे, आणि ते मागच्या सीटवर बसलेल्यालासुद्धा. सगळं बोलताना स्वतःच्या छातीवर दोन बोटं वाजवत होता. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी गाडी परत हवी, शनिवारी पहिली मोठी सहल आहे.

हे गेल्यापासून एवढी मोठी गाडी आमच्याकडे आली नव्हती. नीट वाजली तर त्याच्या ओळखीच्या सगळ्या बसवाल्यांना कळणार. नाही वाजली तरी कळणारच, आणि लवकर.

ठरलं असं. सगळ्यात मागच्या लांब सीटखाली दोन खोकी, एक डाव्या टोकाला, एक उजव्या. प्रत्येकात एक सबवूफर. मधोमध ॲम्प्लिफायर. वन्सं टेप घेऊन बसखाली, सीटखाली, सीटवर, सगळीकडे मापं घेत फिरल्या. मी वितीने मोजलं आणि बोर्डवर पेन्सिल मारली. त्या म्हणाल्या, वहिनी, वीत काय सगळ्यांची सारखी असते का. म्हटलं, खोकं माझ्याच हाताने होणार आहे, दुसऱ्याची वीत कशाला. शेवटी दोघींचं माप एकच निघालं. त्याचाही मला राग आला.

कंपनीचं पुढे काय, ते बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही. मला काय घाई आहे.


गुरुवार, ६ तारीख

दोन्ही खोकी तयार. सांधे गोंदाने भरले, आतून बोट फिरवून बघितलं, कुठून वारा जायला जागा नाही. हे म्हणायचे, खोक्यातून वारा निसटला की आवाजाला दम लागतो.

वन्सं अजून जाड लाल केबल ओढतायत. पुढच्या बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंत. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घातला, म्हणजे मध्ये कुठे केबल सोलली तर आधी तो उडेल, गाडी पेटणार नाही. ते बरोबर. पण मग प्रत्येक वळणावर केबलला कापडी टेप गुंडाळायची, पत्र्याच्या भोकात रबर बसवायचं, चटईखाली सरळ रेघेत आणायची, आणि मागे उभं राहून मान तिरकी करून बघायचं. केबल आहे, नवरी नाही. माझ्या पायाला नुसती भिंगरी. दारापर्यंत जाते, परत येते, हातोडी उचलते, ठेवते.

काळी तार गाडीच्या पत्र्याला धरायची असते, तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत करावा लागतो. ते काम मी मागून घेतलं. जीव खाऊन खरवडलं. वन्सं म्हणाल्या, पुरे, वहिनी, खालून रस्ता दिसायला लागेल.

हसले नाही मी. कारण सकाळी त्यांनी माळ्यावरून प्रवासाची बॅग काढली. झटकली, उन्हात घातली. तोंडाने म्हणे विचार करतेय.


शुक्रवार, ७ तारीख

त्यांच्या खोलीतून चेन ओढल्याचा आवाज. बॅगेचीच. अजून महिना संपायला किती दिवस आहेत. एवढी काय घाई माणसाला.


रविवार, ९ तारीख

दुकान बंद. बसवेना. दुकान उघडलं आणि फळ्या पुसत सुटले.

ह्यांच्या खणात पेन्सिल सेल सापडला, त्याच्या दोन टोकांना दोन वायरी चिकटवलेल्या. ह्यांचं हत्यार. स्पीकरच्या तारांना तो सेल नुसता टेकवायचा. स्पीकरचा पडदा बाहेर आला तर तारा सुलट, आत गेला तर उलट. सेल कधीच मेलेला असणार, तरी पुसून ठेवला.

लिहायला घेतलंच आहे तर ते भांडणही लिहिते. स्पीकरच्या तारेत दोन तारा जोडीने असतात, दिसायला सारख्या, म्हणून एकीवर काळी, जरा उठलेली रेघ असते. एक प्लसला, एक मायनसला. ह्यांची पद्धत, रेघेची तार प्लसला. अंधारात बोटाला लागते म्हणून. कोर्सात वन्संना शिकवलं, रेघेची मायनसला. कसंही चालतं, दोन्ही टोकांना सारखं असलं की झालं. पण यावरून बहीणभाऊ असे भांडायचे की गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जायचं. सासूबाईंनी तोडगा काढला. एका गाडीच्या तारा एकानेच जोडायच्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, अर्ध्यात दुसऱ्याने हात घालायचा नाही. हा आमच्या दुकानाचा नियम. मी अजून ह्यांच्याच पद्धतीने जोडते. जोडायची वेळच येत नाही म्हणा.

दुकान उघडं दिसलं म्हणून शेजारचा काचवाला आला. गाड्यांच्या काचा बदलतो. त्याला आमचा गाळा हवाय, भिंत पाडून मोठं दुकान करायचंय. आवाजात साखर घालून म्हणाला, बाई, तुम्ही एकट्या पडल्यावर हे सगळं कसं झेपणार. मी विचारलं, एकट्या कशावरून. म्हणाला, असंच आपलं. म्हणजे वन्संनी जगाला सांगितलंय आणि मी घरात बसून चेनचे आवाज ऐकतेय.


सोमवार, १० तारीख

सगळं बिनसलं.

मिनीबसवाला न सांगता आला, म्हणे इथून चाललो होतो. जाता जाता जरा वाजवून दाखवा. वन्संनी ॲम्प्लिफायरकडची सगळी टोकं जोडली होती, डावं खोकंही जोडून झालं होतं. उजवं राहिलं होतं. त्या आत टेप शोधायला गेल्या त्या गेल्याच. माणूस दारात उभा, घड्याळ बघतोय. मी शिरले सीटखाली आणि उजव्या खोक्याच्या तारा त्याच्या स्प्रिंगच्या खटक्यांत अडकवून मोकळी झाले. वर कार्पेटची पट्टी चिकटवली. वन्सं आल्या, बघितलं, ओठ मिटले. नियम मोडला होता. म्हटलं, एवढ्याने काय होतंय.

गाणं लावलं. बायकांचे आवाज, बासरी, सगळं छान. दणका नाही. वन्संनी आवाज वाढवला. ॲम्प्लिफायर तापला, स्पीकरचे पडदे डोळ्याला दिसतील एवढे हलत होते, आणि छातीत काही नाही. रिकामं भांडं ढवळल्यासारखं.

मिनीबसवाल्याने दोन बोटं छातीवर ठेवली, वाट बघितली आणि काढून घेतली.  म्हणाला, अजून वेळ आहे ना, शुक्रवारपर्यंत होईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर वन्सं म्हणाल्या, खोक्यातून वारा जात असेल. मी म्हटलं, माझ्या खोक्यातून वारा जात नाही, तुमचं लक्ष कंपनीत आहे. त्या म्हणाल्या, माझं लक्ष कुठे आहे ते तुला काय माहीत. मग जेवताना मीठ मागायलासुद्धा कोणी तोंड उघडलं नाही. भाजी अळणी होती. दोघींनी तशीच खाल्ली.


मंगळवार, ११ तारीख

सकाळी वन्संनी ग्राउंडचा, म्हणजे पत्र्यावरच्या काळ्या तारेचा, नट सोडून परत आवळला, बॅटरी मोजली, फ्यूज बदलला. दणका नाही. गाणं चालूच होतं. मी चिडून ॲम्प्लिफायरकडून डाव्या खोक्याची एक तार ओढून काढली, म्हटलं एकेक करून बघू तरी. आणि काय सांगावं. एक खोकं बंद केलं तर दणका आला. थोडा, पण आला. तार परत लावली, गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन सबवूफर एकमेकांना उलट लागले की असंच होतं. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. सगळा वारा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ये-जा करतो आणि मधे बसलेल्याला काहीच मिळत नाही. वन्संनी ॲम्प्लिफायरकडे रेघेची तार मायनसला लावलीय, डाव्या खोक्यालाही मायनसला. मी उजव्या खोक्याला आपली सवयीने प्लसला. माझंच खोकं उलट.

वन्संकडे बघितलं. त्या ॲम्प्लिफायरकडे बघत होत्या. कळलं की नाही, तोंडावरून काही कळेना. त्यांचं तोंड म्हणजे बंद शटर.

सांगून टाकायचं होतं. पण काल इतकं बोलून बसले होते, त्या कंपनीवरून. जीभ वळेना. थोड्या वेळाने त्या नवीन फ्यूज आणायला गेल्या. मी सीटखाली शिरले, पट्टी उचकटली, तारा बदलल्या, रेघेची मायनसला केली, त्यांच्या पद्धतीने. कोणाला सांगायची गरज नाही. दोन खटके आणि बोटभर गोंद, विषय संपला.

लगेच वाजवून बघणार होते, पण त्यांनी सारखी वाजवून बॅटरी उतरवली होती, ती चार्जिंगला. आणि माझी डॉक्टरीणबाईंची वेळ झाली. प्रेशर वाढलंय. झोप लागते का, विचारलं. म्हटलं, शेजारच्या खोलीत चेनचे आवाज येतात. काय चेन, म्हणाल्या. म्हटलं, काही नाही.

परत येताना चालता चालता विचार केला. ही बाई जात का नाहीये? मनात जायचं आहे, बॅग भरलीय, आणि तोंडाने विचार करतेय. माझ्यापायी. ही आपली म्हातारी होत चाललेली वहिनी, प्रेशरवाली, चौथी पास, हिला दुकानात टाकून कसं जायचं. मला कोणाची दया नको. माझ्यापायी कोणी अडून राहिलेलं मला चालायचं नाही. तशीच काचवाल्याकडे वळले. म्हटलं, गाळा घे, पुढच्या महिन्यापासून. मी घरी कार्पेट शिवायची कामं घेईन, माझं माझं बघेन. त्याने खुर्ची पुढे केली. बसले नाही.

दुकानात आले तर वन्सं फोन खाली ठेवत होत्या. कंपनीचाच, दुसरं कोण करतंय त्यांना फोन. चेहरा असा की मोठं काहीतरी उरकून टाकलंय. झालं म्हणजे नक्की. बोटांना ओला गोंद लागलेला. मी नसताना कशाला हात घालत बसल्या देव जाणे. म्हणाल्या, वहिनी, उद्या बघ, वाजेल. म्हटलं, वाजेलच.

शेवटचं काम आहे. नीट वाजून जाऊ दे.


बुधवार, १२ तारीख

नाही वाजलं.

जसंच्या तसं. पडदे हलतायत, छातीत शून्य. मी आणि वन्सं एकदमच म्हणालो, असं कसं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना एवढं का लागावं, त्या तर चालल्यात.

माझ्या हाताने तारा फिरवल्या होत्या. शंभर टक्के बरोबर होतं. आता मला वाटायला लागलं की मला काही कळतच नाही, इतकी वर्षं ह्यांच्या शेजारी नुसती उभी होते. वन्सं म्हणाल्या, ॲम्प्लिफायर खराब असेल. मी म्हटलं, असेल. पण एक खोकं काढलं की दणका येतोय, खराब कसा असेल. 

शुक्रवार परवावर आलाय. दुकानाच्या दारापर्यंत किती वेळा गेले नि आले. रस्त्यावरचा कुत्रा उठून लांब जाऊन बसला.


गुरुवार, १३ तारीख

उठले ती सरळ कोपऱ्यावर जाऊन पेन्सिल सेल आणला. ह्यांच्या वायरींना लावला. म्हटलं, वन्सं, तुमचा मीटर राहू दे, आज माझ्या पद्धतीने. 

ॲम्प्लिफायरकडची टोकं सोडवली. रेघेची तार सेलच्या मायनसला, साधी प्लसला, दोन्ही खोक्यांना एकाच तऱ्हेने सेल टेकवायचा. वन्संना खाली बसवून पडद्यावर नजर ठेवायला सांगितलं. उजव्याला टेकवला. म्हणाल्या, बाहेर आला. बरोबर, परवा सुधारलेलंच होतं. डाव्याला टेकवला. त्या पडद्याजवळ वाकल्या. म्हटलं, काय झालं. म्हणाल्या, आत गेला.

डावा उलटा. डावा तर त्यांचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनी जोडलेला. आणि सोमवारी तो बरोबर होता, नाहीतर माझा हिशेबच चुकला असता. मी वाकले. तारांवरची कार्पेटची पट्टी बघितली. ही पट्टी माझी नाही. मी कडा दुमडून चिकटवते. हिच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या सरळ, गोंद बाहेर आलेला.

‘ही कोणी चिकटवली?’

‘मी.’

‘कधी?’

‘परवा. तू डॉक्टरकडे गेलीस तेव्हा.’

‘कशाला?’

वन्सं चटईवर बसल्या होत्या, तिथून वर बघून म्हणाल्या, ‘तू उजवीकडे दादाच्या पद्धतीने जोडलं होतंस. म्हटलं, माझंही तसंच करून टाकते. दोन्ही सारखी झाली की वाजणारच. तुला कशाला सांगायचं, चुकलंस म्हणून.’

मला बसावंच लागलं. तिथेच, सीटांच्या मधल्या वाटेत.

‘वन्सं, मी परवा उजवं बदललं. तुमच्या पद्धतीने.’

‘कधी?’

‘तुम्ही फ्यूज आणायला गेलात तेव्हा.’

 त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. वेण्या घालायच्या तेव्हा असं हसायच्या, आवाज न करता, तोंडावर हात ठेवून. मलाही आवरेना. दोन बाया, दोघींनी आपापली माघार घेतली, दोघींनी वरून गोंद लावला, आणि गाडी पुन्हा मुकी ती मुकीच.

मी उठून उजव्या खोक्याकडे निघाले. वन्संनी माझा पदर धरला. म्हणाल्या, थांब, परत तेच होईल, कोणीतरी एकीनेच हात लावायचा, दुसरीने हात बांधून बसायचं. मी विचारलं, कोणी. म्हणाल्या, डावं माझं आहे, मी करते, तू बस. बसले. हाताची घडी घातली. आयुष्यात एवढं अवघड काम केलं नव्हतं. त्या सावकाश पट्टी काढतायत, सावकाश तार फिरवतायत, आणि मी आपली बसलेली.

मग लावलं गाणं.

पहिला ठोका पडला तो सीटमधून पाठीत आला आणि पाठीतून छातीत. समोरच्या काचेपाशी ठेवलेला स्क्रूड्रायव्हर चालत जाऊन खाली पडला. वन्संनी डोळे मिटले होते. मी नुसती बसून होते, पाय हलत नव्हते माझे, हे नंतर लक्षात आलं.

तेवढ्यात काचवाला धावत आला. त्याच्या दुकानात भिंतीला टेकवलेल्या काचा वाजायला लागल्या होत्या. कानावर हात ठेवून ओरडत होता, म्हणून वन्संनी गाणं बंद केलं, आणि त्याचं पुढचं वाक्य सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं. म्हणाला, आता काय धुडगूस घालायचा तो घालून घ्या, पुढच्या महिन्यापासून गाळा माझा आहे.

वन्सं म्हणाल्या, कुठला गाळा.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी स्क्रूड्रायव्हर शोधायला खाली वाकले. वर आले तेव्हा वन्सं दुकानात आत गेल्या होत्या. मग दिवसभर एक शब्द नाही. जेवल्याही नाहीत.


शुक्रवार, १४ तारीख

मिनीबसवाला आला. मागच्या सीटवर बसला, दोन बोटं छातीवर. गाणं लावलं. बराच वेळ त्याने बोटं काढलीच नाहीत. मग चिमणीच्या आवाजात म्हणाला, ताई, हे झालं. गाडी वळणावरून गेली तरी खिडकीचे गज थरथरत होते.

दुकान एकदम मोठं झालं. गाडी उभी होती तिथे ऊन आलं. वन्सं स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी ती प्रवासाची बॅग. म्हटलं, आजच निघालात की काय. काम संपलं, आता थांबायचं कशाला, तसंही बरोबरच आहे. आवाज नीट ठेवला मी.

त्यांनी चेन ओढली. तीच चेन. आत पक्कड, सोल्डरिंगचं मशीन, मीटर, कोर्सातली जुनी हत्यारं. म्हणाल्या, घरात पडली होती, दुकानात आणायची होती, बॅग मिळाली म्हणून तिच्यात भरली. आठवडाभर रोज थोडी पुसून ठेवत होते.

मी पक्कड उचलून बघितली.

‘मंगळवारीच मी कंपनीला नाही म्हणून कळवलं, वहिनी.’

‘मंगळवारी? त्या फोनवर?’

‘हो.’

‘मला का नाही सांगितलंत?’

‘तू म्हणाली असतीस, जा. तू पहिल्या दिवसापासून तेच म्हणतेयस. करा की, जा की. म्हटलं, आधी नाही म्हणून टाकावं, मग सांगावं.’ बॅगेकडे बघत म्हणाल्या, ‘आणि तू मंगळवारीच गाळा देऊन आलीस.’

म्हणजे परत तेच. त्यांनी तिकडची नोकरी सोडली आणि मी इकडचं दुकान. दोघींनी आपापलं खोकं फिरवलं, आणि मधे बसणाऱ्याला काही नाही. फक्त ह्या वेळेला मधे मिनीबसवाला नव्हता, आम्हीच होतो.

मला तिचा इतका राग आला. आणि माझा. कंपनीत खोली होती, पगार होता, डोक्यावर कोणी नव्हतं. म्हटलं, का नाही म्हणालीस? वेडी आहेस का तू?

‘तू’ गेलं तोंडातून. सासूबाई असत्या तर डोळे वटारले असते. तिनेही ऐकलं, पण ते धरून ठेवलं नाही.

म्हणाली, ‘तिकडे दिवसभर सगळं एकाच पद्धतीने जोडायचं. मला नाही जमायचं.’

 मी म्हटलं, आता एकीनेच हात लावायचा. ती म्हणाली, कोणी. म्हटलं, गाळा माझ्या बाजूचं खोकं आहे, मी जाते. तू हात बांधून बस. काही करायचं नाही, कोणाला फोन करायचा नाही, जागचं हलायचं नाही.

काचवाल्याकडे गेले. त्याने परत खुर्ची पुढे केली. ह्या वेळेला बसले. म्हटलं, गाळा देत नाही. तो म्हणाला, बाई, शब्द दिला होता तुम्ही. म्हटलं, दिला होता, चुकून दिला, उलटा लागला होता. त्याला काही कळलं नाही. भिंतीचं गणित त्याने कागदावर करून ठेवलं होतं, ते मला दाखवलं, कुठून पाडणार, काचा कुठे लावणार. सगळं ऐकून घेतलं. माणसाचा हिरमोड झाला होता. मग म्हटलं, तुझ्या काचा वाजतात त्यांच्याखाली रबराच्या पट्ट्या लावून देते मी, माझ्या हाताने, आणि जड गाडी असली की आधी सांगून वाजवू. तो म्हणाला, आणि गाळा? म्हटलं, गाळ्यात आम्ही दोघी आहोत. उठले.

बाहेर चपला सापडेनात. मग लक्षात आलं, घातल्याच नव्हत्या.

दुकानात आले तर ती तशीच स्टुलावर. पाठ ताठ, हाताची घडी, पायाशी बॅग. दारात गिऱ्हाईक येऊन उभं होतं, छोटी गाडी घेऊन, आणि ही त्याला म्हणत होती, जरा थांबा, मला हलायचं नाहीये.

मी म्हटलं, ‘अगं, अजून हात बांधूनच?’

म्हणाली, ‘तू सोड म्हणालीच नाहीस.’